विश्लेषण : दिवसाला १५ तास की दीड तास? जॅझ सॅक्सोफोनच्या रियाजाचे खरे गणित काय?

जॅझचा महान सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर किशोरवयात दिवसाला ११ ते १५ तास वाजवत असे, ही गोष्ट सॅक्सोफोन हाती घेणाऱ्या बहुतेक मुलांच्या कानावर कधी ना कधी पडते. शाळा, क्लास, परीक्षा सांभाळून दिवसाकाठी जेमतेम दीड तास काढणाऱ्या मुलाला ती प्रेरणा देते, तशीच खचवतेही. मग एक तर तो ओठ दुखेपर्यंत वाजवत राहतो, नाही तर ‘आपल्याला हे जमणारे नाही’ म्हणून वाद्य पेटीत ठेवून देतो. पार्करने त्या तासांत नेमके काय केले, संशोधन काय सांगते आणि मोजक्या वेळेत कशाचा सराव करावा, याविषयी...

पार्करच्या १५ तासांची गोष्ट खरी आहे का?

ती खुद्द पार्करनेच सांगितली आहे. १९५४मध्ये बॉस्टनमधील एका रेडिओ कार्यक्रमात सॅक्सोफोनवादक पॉल डेस्मंड यांनी त्याला त्याच्या अफाट तयारीविषयी विचारले. तेव्हा ‘तीन-चार वर्षे रोज किमान ११ ते १५ तास वाजवत होतो’ अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. शेजारी इतके वैतागले होते, की आईला घर सोडायला सांगण्यापर्यंत मजल गेली होती, असेही त्याने सांगितले. ११ तासांचाच हिशेब धरला, तरी तीन वर्षांत १२ हजारांहून अधिक तास होतात. मात्र हा आकडा ऐकताना पार्करची परिस्थिती विसरली जाते. १९२०मध्ये जन्मलेल्या पार्करने १५व्या वर्षाच्या सुमारास शाळा सोडली होती. कॅन्सस सिटीतील क्लब तेव्हा रात्रभर सुरू असत आणि तिथे देशातील उत्तम वादक ऐकायला मिळत. आजच्या शाळकरी मुलाच्या वेळापत्रकाशी या दिनक्रमाची तुलनाच होऊ शकत नाही.

मग पार्करकडून शिकायचे काय?

तासांपेक्षा त्याआधी घडलेली फजिती अधिक शिकवणारी आहे. पार्करला सुरुवातीला दोनच गाणी येत होती, तीही एकाच पट्टीत. त्या भांडवलावर तो एका जॅम सेशनमध्ये, म्हणजे वादकांच्या आयत्या वेळच्या मैफलीत, वाजवायला गेला. भलतेच गाणे सुरू झाले, तो चुकला आणि सगळे हसले. त्यानंतर तीन महिने आपण वाद्याला हात लावला नाही, असे त्याने पुढे सांगितले. १९३६मध्ये रेनो क्लबमध्ये तर काउंट बेसीच्या वाद्यवृंदातील ड्रमवादक जो जोन्स यांनी, पार्कर भरकटल्यावर, ड्रमची झांज काढून त्याच्या पायाशी फेकली. ही हकिकत तिथे असलेले बासवादक जीन रेमी यांनी सांगितली आहे.

१९३७च्या उन्हाळ्यात पार्कर जॉर्ज ली यांच्या बँडबरोबर मिसुरी राज्यातील ओझार्क भागात नोकरीला गेला. सोबत बेसीच्या वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रिका होत्या. त्यातील लेस्टर यंग यांचे सोलो त्याने ऐकून ऐकून पाठ केले. बँडमधील सहकाऱ्यांकडून कॉर्डची रचना समजून घेतली. तो परतला तेव्हा कॅन्सस सिटीतील वादकांना त्याच्यात पडलेला फरक लगेच जाणवला. आपल्याला काय येत नाही, हे फजितीतून कळले होते आणि नेमका त्याचाच सराव त्याने केला होता. नुसत्या तासांनी हा बदल झाला नसता.

दहा हजार तासांच्या नियमाचे काय?

‘दहा हजार तास सराव केला, की कोणीही तज्ज्ञ होतो’ हे वाक्य माल्कम ग्लॅडवेल यांच्या २००८मधील ‘आउटलायर्स’ या पुस्तकामुळे घरोघरी पोहोचले. त्याचा आधार होता अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांचा १९९३मधील अभ्यास. त्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतील व्हायोलिनवादकांच्या सरावाची नोंद घेतली. सर्वोत्तम गटाचा २० वर्षांपर्यंतचा एकट्याने केलेला सराव सरासरी दहा हजार तासांच्या आसपास होता. ही सरासरी होती, पात्रतेची अट नव्हती. ग्लॅडवेल यांनी काढलेल्या सरधोपट अर्थाला खुद्द एरिक्सन यांनीच आक्षेप घेतला होता.

याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष फारसा सांगितला जात नाही. संगीत हाच पूर्णवेळ अभ्यास असलेले हे उत्तम वादकही दिवसाला सरासरी साडेतीन तासच सराव करत. तोही दीड तासाहून लांब नसलेल्या बैठकांत, मध्ये विश्रांती घेऊन. अनेक जण दुपारी झोपही काढत. पुढे २०१४मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले. संगीतातील प्रावीण्याच्या फरकांपैकी सुमारे २१ टक्के फरकच हेतुपूर्वक केलेल्या सरावाशी जोडता येतो, असे त्यात दिसले. सराव महत्त्वाचा आहेच, पण घड्याळ हे एकमेव माप नाही.

किती वेळापेक्षा कसा सराव, हे कशावरून?

टेक्सास विद्यापीठातील २००९चा एक प्रयोग या बाबतीत बोलका आहे. पियानो शिकणाऱ्या १७ प्रगत विद्यार्थ्यांना शोस्ताकोविच यांच्या रचनेतील एक अवघड तुकडा बसवायला दिला. दुसऱ्या दिवशी कोण किती नीट वाजवतो, ते तपासले. कोणी किती मिनिटे सराव केला किंवा तुकडा किती वेळा वाजवला, याचा निकालाशी संबंध दिसला नाही. उत्तम ठरलेल्यांनीही चुका केल्या होत्याच. फरक चूक झाल्यानंतरच्या वागण्यात होता. ते चूक झालेली जागा लगेच नेमकी ओळखत, वेग कमी करून ती दुरुस्त करत आणि दुरुस्त झालेलेच पुन्हा पुन्हा वाजवत. इतर जण मात्र तुकडा पहिल्यापासून सुरू करत आणि त्याच जागी पुन्हा अडखळत. चूक दहा वेळा वाजवली, की हात चूकच पाठ करतात.

मग रोज किती वेळ पुरेसा?

वय, दम आणि ओठांची ताकद यांवर ते अवलंबून आहे. सॅक्सोफोन ओठांच्या स्नायूंवर तोलला जातो. हे स्नायू थकले, की वादक नकळत माउथपीस दातांनी दाबू लागतो. सूर चपटा आणि चढा होतो आणि तीच सवय जडते. त्यामुळे नवशिक्याने २०-२० मिनिटांच्या दोन बैठका करणे सलग एका तासापेक्षा बरे. दोन-तीन वर्षे वाजवणाऱ्या शाळकरी मुलासाठी रोजचा तास-दीड तास भरपूर आहे. संगीतातच पुढे जायचे ठरवलेल्या तरुणाने तीन-चार तासांपर्यंत जावे, पण टप्प्याटप्प्याने आणि मध्ये विश्रांती घेऊन. रविवारी चार तास वाजवून आठवडाभर वाद्याकडे न पाहण्यापेक्षा रोजचा अर्धा तास अधिक फळ देतो.

सुरुवात कशाने करावी?

सुराने. कंठसंगीतात पहाटे खर्ज भरतात, तसे सॅक्सोफोनमध्ये लाँग टोन असतात. एकच स्वर लांब धरायचा. अगदी हळू सुरू करून मोठा करायचा आणि पुन्हा तितकाच हळू करत विझवायचा. तो मध्ये हलता कामा नये, वर-खाली सरकता कामा नये. ट्यूनर किंवा तंबोऱ्याचे ॲप सोबत लावले, तर कान लगेच चूक पकडतो.

त्यापुढची पायरी म्हणजे ओव्हरटोन. वाद्याच्या सर्वांत खालच्या स्वराची बोटे तशीच ठेवून, केवळ घसा, जीभ आणि हवेच्या जोरावर वरचे स्वर काढायचे. आधी वरच्या सप्तकातील तोच स्वर, मग त्याचा पंचम, मग आणखी वरचा षड्ज, त्यानंतर गंधार. सुरुवातीला नुसती चिरकी येते. आठवड्यांनंतर एखादा स्वर सापडतो. पण सॅक्सोफोनचा आवाज कळा दाबून घडत नाही, तो घशापासून घडतो, हे या सरावातूनच उमगते. दोन वादकांनी तेच वाद्य, तीच रीड वापरली, तरी आवाज वेगळा येतो तो यामुळेच.

स्केल घोटवून जॅझ येते का?

स्केल म्हणजे आपले अलंकार-पलटे. त्यांच्याशिवाय गती नाही आणि त्यांच्यावरच थांबले तर संगीत नाही. बाराही पट्ट्यांतील मेजर स्केल आणि कॉर्डचे स्वर बोटांत बसायलाच हवेत. पण रोज बारा पट्ट्या वरवर वाजवण्यापेक्षा दोन-तीनच घ्याव्यात आणि त्या वेगवेगळ्या प्रकारे फिरवाव्यात. दोन-दोन स्वर गाळून, मधल्याच स्वरावर सुरू करून, उलट क्रमाने. सोप्या पट्ट्या आपोआप वाजतात. त्यामुळे वेळ द्यायचा तो नावडत्या पट्टीला.

लयीसाठी मेट्रोनोम लागतो, पण जॅझमध्ये तो वेगळ्या तऱ्हेने लावतात. चार मात्रांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरच टिकटिक ऐकू येईल असा वेग ठेवायचा. पहिली आणि तिसरी मात्रा वादकाने स्वतः मनात धरायची. सुरुवातीला तोल जातो. पण जॅझचा झोका म्हणजे ‘स्विंग’ अंगात भिनण्याचा हा जुना, खात्रीचा मार्ग आहे.

दुसऱ्याचे सोलो पाठ करणे म्हणजे नक्कल नाही का?

आहे आणि ती आवश्यक आहे. ट्रम्पेटवादक क्लार्क टेरी यांच्या नावाने तीन पायऱ्या सांगितल्या जातात. आधी अनुकरण, मग आत्मसात करणे, मग स्वतःचे काही नवे. जॅझ ही भाषा आहे आणि भाषा व्याकरणाच्या पुस्तकातून बोलता येत नाही. लेस्टर यंग पार्करला ध्वनिमुद्रिकेतून भेटले. आजच्या मुलाला तर मोबाइलवर वेग कमी करून हवा तो सोलो ऐकता येतो.

पद्धत मात्र पाळावी लागते. आधी सोलो इतका ऐकायचा, की तो गुणगुणता आला पाहिजे. मग चार-चार खणांचे तुकडे करून वाद्यावर शोधायचा. खण म्हणजे चार मात्रांचा एक बार. छापील नोटेशन शेवटी पाहायचे, तेही पडताळण्यापुरते. पार्करच्या सोलोंचे ‘ऑम्निबुक’ १९७८पासून उपलब्ध आहे. पण केवळ कागद वाचून वाजवणाऱ्याला स्वर मिळतात, त्यांचा उच्चार मिळत नाही. नेमका कुठे स्वर गिळला, कुठे मात्रेच्या किंचित मागे ठेवला, हे कानालाच कळते. सुरुवातीसाठी पार्करचा वेग नको. माइल्स डेव्हिस यांचा १९५९मधील ‘सो व्हॉट’चा सोलो ट्रम्पेटवरचा असला तरी मोजक्या स्वरांचा आणि मोकळा आहे. लेस्टर यंग यांचा ‘लेडी बी गुड’ त्यानंतर घ्यावा. वर्षभरात असे तीन-चार सोलो खरोखर पचले, तरी ते पुष्कळ झाले.

गाणी किती यायला हवीत?

पार्करची पहिली फजिती झाली ती इथेच. जॅझ मैफलीत कागद समोर नसतो आणि गाणे कोणते, हे आयत्या वेळी ठरते. म्हणून महिन्याला एक गाणे पक्के करणे हे ध्येय ठेवता येते. पक्के म्हणजे मूळ चाल पाठ, कॉर्डचा क्रम पाठ आणि निदान दोन पट्ट्यांत वाजवण्याची तयारी. पहिला मान १२ खणांच्या ब्लूजचा. त्याच्या मूळ रूपात तीनच कॉर्ड असतात आणि असंख्य जॅझ रचना त्यावर उभ्या आहेत. त्यानंतर गर्शविन यांच्या १९३०मधील ‘आय गॉट रिदम’चा कॉर्डक्रम घ्यावा. हा क्रम आला, की त्यावर बेतलेली डझनावारी गाणी हाताशी येतात. पार्करची १९४५मधील गाजलेली ‘को-को’ ही रचनाही अशीच ‘चेरोकी’ या जुन्या गाण्याच्या कॉर्डवर उभी आहे.

दीड तासाची वाटणी कशी करावी?

एक वाटणी अशी करता येते. पहिली १५ मिनिटे लाँग टोन आणि ओव्हरटोन. पुढची २० मिनिटे स्केल, कॉर्ड आणि मेट्रोनोम. त्यानंतर पाच-दहा मिनिटे वाद्य खाली ठेवून पाणी पिणे. ही मिनिटे हिशेबात धरू नयेत. मग २५ मिनिटे सोलो ऐकून उतरवणे आणि २५ मिनिटे गाणे. त्यात आधी मूळ चाल, मग स्वतःचे उत्स्फूर्त वादन. शेवटची पाच मिनिटे मोबाइलवर रेकॉर्ड केलेले स्वतःचे वादन ऐकण्यासाठी. हा सर्वांत कडू भाग असतो, पण उद्या काय करायचे ते यातूनच ठरते. वहीत एक ओळ लिहिली, तरी पुरे : ‘वरच्या सप्तकातला ध चढतो’, ‘आठव्या खणात कॉर्ड चुकला’. पाऊण तासच असेल, तर प्रत्येक भाग निम्मा करावा. सूर आणि कान यांपैकी काहीही वगळू नये.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी काय करावे?

शेजाऱ्यांचा प्रश्न पार्करइतकाच जुना आहे. सॉनी रॉलिन्स यांनी १९५९मध्ये कीर्तीच्या शिखरावर असताना मैफली थांबवल्या. न्यूयॉर्कच्या दाट वस्तीत शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून ते विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन तासन्‌तास वाजवू लागले. १९६१मध्ये ते परतले आणि १९६२च्या अल्बमचे नाव ‘द ब्रिज’ ठेवले. विशेष म्हणजे, याच रॉलिन्स यांनी १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईतील पवई येथील आश्रमात राहून योग आणि वेदान्ताचा अभ्यास केला होता.

प्रत्येकाला पूल सापडत नाही. सॅक्सोफोनच्या तोंडात कापड कोंबून फारसा उपयोग होत नाही, कारण आवाज वाद्यावरील सगळ्या छिद्रांतून बाहेर येतो. त्यापेक्षा कपड्यांनी भरलेले कपाट उघडून त्यासमोर वाजवणे बरे. शेजाऱ्यांशी बोलून वेळ ठरवून घेणे त्याहून बरे. आणि सरावाचा निम्मा भाग तर आवाज न करताही होतो. सोलो ऐकणे, गुणगुणणे, कॉर्ड पाठ करणे, न फुंकता बोटे फिरवणे हे बस-लोकलमध्येही जमते.

स्वतःच्या कानांची काळजीही घ्यायला हवी. अमेरिकेतील कामगार आरोग्यविषयक शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंतच ऐकावा आणि दर तीन डेसिबलने ही मर्यादा निम्मी होते. लहान खोलीत सॅक्सोफोन ९० डेसिबलच्या वर सहज जातो. रोज काही तास वाजवणाऱ्याने संगीतकारांसाठीचे इअरप्लग घेणे शहाणपणाचे. मान, अंगठा किंवा मनगट दुखू लागले, तर वाजवणे थांबवावे. दुखणे सोसून केलेला रियाज महिन्यांची सक्तीची सुट्टी देऊ शकतो.

मुंबई-गोव्याचे या वाद्याशी नाते काय?

१९३५मध्ये लिऑन ॲबी यांचा आफ्रिकन-अमेरिकन बँड मुंबईच्या ताज हॉटेलात वाजवायला आला. त्यानंतर शहरात जॅझ रुजले ते मुख्यतः गोव्याच्या वादकांमुळे. यातील अनेकांचे शिक्षण गावातील चर्चच्या संगीत शाळेत झाले होते. स्वरलेखन वाचणे आणि सुरात गाणे लहानपणीच पक्के झाल्याने कोणतेही वाद्य हाती आले, तरी पाया तयार असे. हेच वादक पुढे हिंदी चित्रपटसंगीताचा कणा बनले. गोव्याचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांनी राग आणि जॅझ जवळ आणण्याचे प्रयोग केले. १९७८मध्ये मुंबईत ‘जॅझ यात्रा’ महोत्सव सुरू झाला, तेव्हा पहिल्याच वर्षी रॉलिन्स यांचे वादन इथे झाले. तेव्हा खर्ज, पलटे, गुरूच्या गळ्यातून उचललेली जागा हे ज्या घरात ऐकलेले आहे, तिथल्या मुलाला जॅझचा रियाज अगदीच परका वाटण्याचे कारण नाही.

एकट्याचा सराव कुठे कमी पडतो?

१९५९मध्ये जॉन कोल्ट्रेन यांनी ‘जायंट स्टेप्स’ ध्वनिमुद्रित केले. भराभर पट्टी बदलणाऱ्या त्या कॉर्डक्रमावर कोल्ट्रेन यांनी दीर्घकाळ मेहनत घेतली होती आणि त्यांचा सॅक्सोफोन त्यात पाण्यासारखा वाहतो. पियानोवर होते टॉमी फ्लॅनगन, त्या काळातील पहिल्या फळीचे वादक. पण या रचनेच्या वेगाची त्यांना सवय नव्हती आणि त्यांचा सोलो अडखळत जातो. आजही तो तसाच ऐकू येतो. १९८२मध्ये फ्लॅनगन यांनी हीच रचना पुन्हा ध्वनिमुद्रित केली आणि सहजतेने वाजवली. कसबी हातांनाही घोटवलेले तेवढेच येते. म्हणून कमतरता कळणे महत्त्वाचे आणि ती बंद खोलीत कळत नाही. बॅकिंग ट्रॅक चुकलेल्याची वाट पाहत नाही, पण टोकतही नाही. आठवड्यातून एकदा तरी दुसऱ्या माणसाबरोबर वाजवायला हवे. ड्रम, गिटार, तबला, काहीही चालेल. तिथे गाणे हातातून सुटेल आणि लोक कदाचित हसतीलही. घरी आल्यावर ते वहीत लिहायचे आणि दुसऱ्या दिवशीचा दीड तास नेमका त्यालाच द्यायचा.